नाव प्लास्टिकस, ओळख काट्याकेसांत: खोल समुद्रातल्या एका कवचधारीचे वर्णन

मार्च २०२० मध्ये एका कवचधारी, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गटातल्या, प्राण्याचे नाव जगभरच्या बातम्यांत झळकले: यूरिथिनिस प्लास्टिकस. पॅसिफिक महासागरातल्या मरियाना गर्तेत, सहा किलोमीटरहून जास्त खोलीवर राहणारा, बोटाएवढा प्राणी. त्याच्या आतड्यात प्लास्टिकचा धागा सापडला म्हणून हे नाव. बातमी एवढ्यावर संपली.

‘झूटॅक्सा’ या नियतकालिकातला मूळ लेख उघडला की मात्र चित्र बदलते. धाग्याच्या वाट्याला त्यात थोडीच जागा आली आहे. बाकीची पाने शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), जबड्याचे भाग, पायांचे सांधे, शेपटीकडचे काटे यांनी भरली आहेत. नव्या जातीचा दावा टिकतो किंवा पडतो तो या पानांवर. धागा सापडला नसता तरी ही जात नवीच ठरली असती. उलट धागा सापडूनही अंगरचनेत फरक दाखवता आला नसता, तर नाव देण्याचा प्रश्नच आला नसता. म्हणून या प्रकरणात आपण बातमी बाजूला ठेवू आणि लहानशा सागरी कवचधारीचे शरीर ‘नवे’ कसे ठरवतात, ते पाहू.

सापळ्यात आलेला माल

नमुने २०१४ सालचे आहेत. मांसाचे आमिष लावलेले सापळे मरियाना गर्तेत सोडले गेले आणि ६,०१० ते ६,९४९ मीटर या पट्ट्यातून हे प्राणी वर आले. तिथला दाब पृष्ठभागाच्या सहाशे पटींहून अधिक आणि उजेड शून्य. अन्न म्हणजे वरून जे मरून खाली पडेल ते. यूरिथिनिस वंशातले प्राणी या मृत मांसावर तुटून पडणारे सफाईवाले आहेत. आमिषाच्या सापळ्यात तेच मोठ्या संख्येने येतात, यात नवल नाही.

इथे एक गोष्ट विसरू नये. आमिषाला जो येतो तोच सापळ्यात सापडतो. जो येत नाही, तो तिथे नाहीच असे म्हणता येत नाही. खोल समुद्रातल्या कवचधारींविषयीचे आपले बरेचसे ज्ञान या भुकेल्या मंडळींचेच ज्ञान आहे.

नमुने मद्यार्कात जातात. जिवंतपणीचा लालसर रंग काही काळात उतरतो, डोळ्यांचा रंगही फिका पडतो. पुढे वर्षानुवर्षे अभ्यासकाच्या हाती असतो तो पिवळट, कडक झालेला, कमानीसारखा वाकलेला प्राणी. त्यामुळे रंगाचे वर्णन करायचे तर ते जहाजावरच नोंदवलेले हवे. नाहीतर उरतो फक्त आकार. या प्राण्यांच्या शास्त्रात आकाराला एवढा मान मिळाला, त्यामागे ही बरणीही आहे.

एका नावाखाली अनेक प्राणी

हा वंश नवा नव्हता. त्यातली सर्वांत परिचित जात, यूरिथिनिस ग्रिलस, १८२२ पासून शास्त्राला ठाऊक होती. ग्रिलस म्हणजे लॅटिनमध्ये रातकिडा. पुढे जवळपास दोन शतके जगाच्या कुठल्याही महासागरातून, ध्रुवाजवळच्या उथळ पाण्यापासून गर्तांपर्यंत, असा मोठा उभयपाद (हा वंश ज्या कवचधारी गटात मोडतो त्यातला प्राणी) वर आला की बहुतेक वेळा बरणीवर ‘ग्रिलस’ अशी चिठ्ठी लागायची. एकच जात सगळीकडे, सगळ्या खोलींवर. ऐकायला सोयीचे होते, पण संशयही घेण्याजोगे होते.

२०१३ मध्ये शार्लोट हावरमान्स आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या समुद्रांतल्या ‘ग्रिलस’चा डीएनए तपासला. त्या एका नावाखाली जातीच्या पातळीवर वेगळ्या वाटाव्यात अशा नऊ शाखा निघाल्या. खोलीनुसारही मोठी फट दिसली, साधारण तीन हजार मीटरच्या वरचे आणि खालचे अशी. मग २०१५ मध्ये द’उदेकेम द’अकोझ आणि हावरमान्स यांनी या वंशाच्या शरीररचनेची नव्याने मांडणी केली आणि माल्डोरर, सिग्मिफेरस, अंधकाराए अशा नव्या जाती वेगळ्या काढल्या. यातले शेवटचे नाव मराठी वाचकाला कोशाशिवाय कळेल: ते संस्कृत ‘अंधकार’वरूनच घेतले आहे. २०१८ मध्ये एक्विलेटस आली. ग्रिलस, ओबेसस, थर्स्टनी आणि मॅगेलॅनिकस या आधीच्या धरल्या तर एकूण आठ जाती झाल्या.

योहाना वेस्टन आणि न्यूकॅसल विद्यापीठातले त्यांचे सहकारी मरियाना गर्तेतले नमुने घेऊन बसले, तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रश्न ‘हा प्राणी कसा दिसतो’ असा नव्हता. ‘हा या आठांपैकी कुणीच का नाही’ असा होता. या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याचे उत्तर छायाचित्रही देऊ शकते.

प्राणी उलगडताना

आता शरीराकडे वळू. उभयपादांच्या, म्हणजे अँफिपोडांच्या, दहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि सगळ्यांचा मूळ आराखडा एकच. कोळंबीच्या डोक्यावर आणि वक्षावर असते तसे पृष्ठवर्म, म्हणजे पाठीवरचे एकसंध कवच, यांना नसते. शरीर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असते. डोळे देठावर नसून थेट डोक्याला चिकटलेले असतात. वक्षाचा पहिला खंड डोक्यात मिसळून गेलेला असतो. त्यामागे वक्षाचे सात सुटे खंड, मग पोहण्याच्या पायांचे तीन उदरखंड, मग मागच्या टोकाचे आखूड, ताठ उपांगांचे तीन खंड आणि शेवटी पुच्छखंड. उभयपाद हे नाव पायांवरून पडले: काही जोड्या पुढच्या दिशेला वळलेल्या, काही मागच्या.

वक्षाच्या सात जोड्यांपैकी पहिल्या दोन चालायच्या कामाच्या नाहीत, त्या पकडायच्या आहेत. त्यांना ग्नॅथोपॉड म्हणतात, म्हणजे जबड्याच्या मदतीला आलेले पाय. प्रत्येक पायाचे सात भाग असतात. पकडायच्या पायात शेवटचा नखासारखा भाग आधीच्या भागाच्या कडेवर मिटतो, जसे घडीच्या चाकूचे पाते मुठीत मिटते. ज्या कडेवर नख टेकते तिला ‘तळवा’ म्हणतात. हा तळवा आखूड की लांब, सरळ की फुगीर, नख त्याच्या टोकापर्यंत पोहोचते की अलीकडेच थांबते, असल्या प्रश्नांवर यूरिथिनिसच्या जाती वेगळ्या होतात. वाचणाऱ्याला ही कीस काढण्याची हद्द वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटली होती.

पायाचा पहिला भाग पसरट होऊन अंगाच्या बाजूला ढालीसारखा लोंबतो. पुढच्या चार ढाली मोठ्या असतात आणि एकमेकींवर कौलांसारख्या चढलेल्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला कल्ले असतात. प्रौढ मादीत तिथेच केसाळ पट्ट्या येतात. त्या एकमेकींत अडकून अंडी ठेवायची पिशवी तयार होते. या पट्ट्या आहेत का, आणि त्यांना लांब केस फुटले आहेत का, यावरून मादी वयात आली आहे की नाही ते समजते. नमुन्याचे वय आणि लिंग नोंदवणे हे वर्णनातले पहिले काम आहे, कारण पुढची सगळी मापे त्यावर अवलंबून असतात.

उभयपादांत सुटी डिंभावस्था, म्हणजे प्रौढाहून वेगळी दिसणारी अळीसारखी अवस्था, नसते. पिल्लू पिशवीतून बाहेर पडते ते आईबापाची छोटी प्रत म्हणूनच. ही सोय फसवी आहे. डिंभ असता तर ‘हे पिल्लू आहे’ हे उघड दिसले असते. इथे पिल्लू प्रौढासारखेच दिसते, पण केसांची संख्या, शृंगिकांतले मणी आणि पाठीवरची धार वाढीबरोबर बदलू शकतात. म्हणजे लहान नमुना आणि मोठा नमुना शेजारी ठेवून ‘दोन जाती’ म्हणण्याची चूक सहज होते. एकाच जातीतल्या निरनिराळ्या आकाराच्या नमुन्यांची रांग लावल्याशिवाय कुठल्याही फरकाला हात लावू नये.

तोंडाचा भाग सर्वांत कष्टाचा. वरचा ओठ, दोन जंभ (मुख्य जबडे), खालचा ओठ, जंभिकांच्या (लहान जबड्यांच्या) दोन जोड्या आणि जंभपाद (तोंडाच्या कामाला लागलेले पाय), हे सगळे एका लहानशा गठ्ठ्यात एकमेकांत बसवलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुयांनी ते एकेक करून सोडवावे लागते. नियम असा की एकाच बाजूची उपांगे काढायची आणि दुसरी बाजू शाबूत ठेवायची. मग पुढे कुणाला शंका आली तर पाहायला काहीतरी उरते. काढलेले भाग काचपट्टीवर माध्यमात बसवतात. सुई घसरली आणि जंभाची तीन भागांची स्पर्शिका तुटली, तर त्या नमुन्यापुरता तो पुरावा गेला.

यूरिथिनिसचा जंभ पाहण्यासारखा असतो. टोकाला दातेरी कडेऐवजी रुंद, धारदार पाते असते आणि मागचा भाग वाटीसारखा खोलगट. चावून बारीक करण्यापेक्षा मोठा लचका तोडून गिळण्यासाठी हे हत्यार आहे. आतडेही त्याला साजेसे, भरपूर फुगणारे. पुढचे जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसलेल्या प्राण्याने ताटावर रेंगाळायचे कशाला? ज्याच्या-त्याच्या आधी पोट भरून घ्यायचे.

गंमत अशी की प्राण्याच्या जगण्याचा आधार असलेली ही मोठी रचना जाती ओळखायला फारशी उपयोगी पडत नाही. वंशातले सगळेच मृत मांस खातात, म्हणून सगळ्यांचे हत्यार ढोबळमानाने सारखे. ओळख पटते ती कडेकपारीतल्या गोष्टींवरून: जंभपादाच्या पट्टीवरच्या गाठीसारख्या काट्यांची संख्या आणि ते कडेबाहेर डोकावतात की नाही, डोक्याच्या वरच्या कडेची ठेवण, डोळ्याची रुंदी, दुसऱ्या ढालीची खालची कड, उदराच्या तिसऱ्या खंडाच्या बाजूच्या पट्टीचा मागचा कोपरा गोल की काटकोनी, पाठीवर उभी धार आहे की पाठ गुळगुळीत. यातल्या कित्येक गोष्टींचा प्राण्याला काय उपयोग, ते सांगणे अवघड. पण जगण्याच्या ताणाने ज्या भागांना घट्ट बांधून ठेवले आहे ते बदलत नाहीत. जे सैल आहेत ते शाखाशाखांत वेगळे होत जातात. जुन्या घराण्यातली माणसे नाकीडोळी सारखी दिसतात आणि कानाच्या पाळीवरून वेगळी ओळखू येतात, तसे काहीसे.

रेघ म्हणजे मत

असल्या लेखांत अजूनही रेखाचित्रेच का, हा प्रश्न नेहमी येतो. उत्तम कॅमेरे आहेत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहेत. तरी ढाली, जंभ, पाय काळ्या रेघांनी काढले जातात. पूर्वी सूक्ष्मदर्शकातले दृश्य कागदावर पडल्यासारखे दाखवणारा कॅमेरा ल्यूसिडा लावून पेन्सिलीने आणि मग शाईने, आता बरेचदा संगणकावर रेघ ओढून.

कारण साधे आहे. छायाचित्र सगळेच दाखवते: चिकटलेली धूळ, दुमडलेला केस, काचेवरचा बुडबुडा. रेखाचित्र काढणाऱ्याला प्रत्येक रेघेपाशी ठरवावे लागते की हा केस आहे की चीर, हा काटा आहे की जाड केस, हा सांधा आहे की नुसती घडी. रेघ ओढली म्हणजे मत दिले. ठिपक्यांची रेघ म्हणजे ‘तुटलेला भाग, इथे असा असावा’. केस आणि काटा यांच्यातली सीमा स्वतःच वादाची आहे. एकाने ‘काटा’ म्हटलेले दुसरा ‘राठ केस’ म्हणतो. जुन्या लेखातल्या ‘सहा काटे’ आणि नव्या लेखातल्या ‘सहा राठ केस’ या एकाच गोष्टी आहेत की नाहीत, हे पाहायला मूळ नमुन्याकडे जावे लागते. ते नमुने जपून ठेवण्याचे खरे कारण हेच.

चित्र कितीही चांगले असले तरी शब्दांवाचून चालत नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९३० नंतर प्रसिद्ध झालेल्या नावासोबत, ती जात इतरांपासून कशी वेगळी ते शब्दांत सांगणारे वर्णन किंवा व्याख्या लागते. १९९९ नंतर त्यात भर पडली: नाव ज्या नमुन्यावर टांगलेले असते तो होलोटाइप कोणता हे स्पष्ट लिहायचे आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे, तेही सांगायचे. उद्या जातीची सीमा बदलली, तिच्यातून आणखी दोन जाती निघाल्या, तरी ‘प्लास्टिकस’ हे नाव त्या एका नमुन्याबरोबर जाईल. बाकीचे साक्षीदार पॅराटाइप.

लेखात ‘निदान’ आणि ‘वर्णन’ असे दोन वेगळे भाग येतात, आणि नवशिक्यांची गफलत बहुधा इथे होते. निदान म्हणजे फक्त वेगळेपणाची लक्षणे, तारेच्या भाषेत. वर्णन म्हणजे डोक्यापासून पुच्छखंडापर्यंत सगळे, इतरांसारखे असलेलेही. सगळ्यांत सारखेच असेल तर लिहायचे कशाला? कारण आज जे सारखे वाटते, तेच उद्याच्या दहाव्या जातीत वेगळे निघू शकते. ‘ग्रिलस’च्या जुन्या वर्णनांनी दोन शतके गोंधळ चालू दिला, त्यात जे लिहिलेच नव्हते त्याचा वाटा मोठा आहे.

डीएनएची साक्ष, आणि तिची मर्यादा

वेस्टन आणि सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकातल्या) डीएनएच्या दोन भागांचे, १६एस आणि सीओआय यांचे, क्रम लावले. दोन्हींवरून मरियानाचे हे नमुने वंशवृक्षावर वेगळी, भक्कम आधाराची फांदी ठरले. शरीर आणि जनुके दोन्ही एकाच बाजूला बोलली, म्हणून नववी जात.

या पद्धतीवर एक रास्त आक्षेप आहे. आधी डीएनएवरून गट पाडले आणि मग त्या गटांत शरीराचे फरक शोधायला बसले, तर काहीतरी सापडतेच. मोजण्याजोग्या शंभर गोष्टी आणि मूठभर नमुने असले की योगायोगानेही दोन-चार फरक निघतील. त्यामुळे शरीराची साक्ष स्वतंत्र राहत नाही. यावर उपाय दोन. एक म्हणजे असा फरक निवडायचा, जो गटातल्या लहानमोठ्या सर्व नमुन्यांत टिकतो. दुसरा, वंशातल्या आधीच्या जाती ज्या अवयवांवरून वेगळ्या काढल्या, तेच अवयव आधी तपासायचे, मनाला येईल तिथे शोधत सुटायचे नाही. २०१५ च्या मांडणीचा मोठा उपयोग इथे झाला. कुठे पाहायचे हे ती आधीच ठरवून गेली होती.

दोन्ही जनुकीय भाग मायटोकॉन्ड्रियातले आहेत, म्हणजे आईकडूनच येणारे. ते दोन साक्षीदार असले तरी एकाच घरातले आहेत, हे ध्यानात ठेवावे. म्हणूनच मला या प्रकरणात शरीराच्या वर्णनाचे वजन जास्त वाटते.

आणि तो धागा

एका प्राण्याच्या आतड्याच्या मागच्या भागात मायक्रोप्लास्टिकचा एक तंतू मिळाला. वर्णपटाच्या तपासणीत तो पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटशी, म्हणजे बाटल्या आणि कपड्यांत वापरल्या जाणाऱ्या पीईटीशी, ८३.७४ टक्के जुळला. हा आकडा कुठे कुठे ‘८४ टक्के प्लास्टिक’ असा वाचला जातो, ते चूक आहे. तंतूचा वर्णपट संदर्भसंग्रहातल्या पीईटीच्या वर्णपटाशी किती जुळतो, एवढेच तो सांगतो.

एक प्राणी, एक तंतू. एवढ्यावरून जातीत प्लास्टिक किती पसरले आहे हे सांगता येत नाही, आणि लेखातही तसा दावा नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास पाहावा लागतो: २०१९ मध्ये ॲलन जेमिसन आणि सहकाऱ्यांनी सहा सागरी गर्तांतले ९० उभयपाद तपासले, त्यांपैकी ६५ जणांच्या, म्हणजे ७२ टक्क्यांच्या, पोटात किमान एक सूक्ष्म कण होता. मरियाना गर्तेतून घेतलेल्या सगळ्याच नमुन्यांत तो होता. जेमिसन हे ‘प्लास्टिकस’च्या लेखाचेही सहलेखक आहेत. नाव निवडताना हे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर होते हे उघड आहे.

नाव चुकीचे आहे का? संहितेच्या दृष्टीने अजिबात नाही. जातीच्या नावाने शरीराचेच वर्णन केले पाहिजे असा नियम नाही. तरी माझे मन थोडे अडते. ‘प्लास्टिकस’ वाचून कुणाही नवख्याला वाटेल की प्लास्टिक हे या प्राण्याचे लक्षण आहे. निदानाच्या परिच्छेदात प्लास्टिकला स्थान नाही, ते असूही शकत नाही. शेजारच्या जातीच्या पोटातही तसाच तंतू सापडू शकतो. नाव लोकांसाठी आहे आणि निदान अभ्यासकासाठी, अशी ही विभागणी झाली आहे. ती जाणूनबुजून केलेली आहे, आणि कुणालाही माहीत नसलेल्या वंशाचे नाव त्यामुळे घरोघरी गेले, हेही खरे.

२०२१ मध्ये याच वंशात आणखी एक जात दाखल झाली, पेरू-चिलीजवळच्या अटाकामा गर्तेतली यूरिथिनिस अटाकामेन्सिस. ती प्लास्टिकसपेक्षा अंगाने मोठी आणि ८,००० मीटरपलीकडेही सापडणारी. या वेळी नाव ठिकाणावरून ठेवले होते आणि बातम्या अर्थातच कमी झाल्या. तिला वेगळी ठरवण्याच्या कामात तुलनेसाठी समोर ठेवायच्या वर्णनांत आता एकाची भर पडली होती: तळवा, ढाल, गाठीचे काटे आणि तिसऱ्या खंडाच्या कोपऱ्यासकट लिहिलेल्या प्लास्टिकसची.